घरच्या भाषांचे वर्ष : बडोद्याच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेतील प्रकल्प नोंदी, २०२४-२५

१ जुलै २०२४

'घरच्या भाषा' या प्रकल्पाच्या नोंदी आजपासून ठेवीत आहे. प्राथमिक विभागाच्या भाषा समन्वयाचे काम माझ्याकडे आहे आणि आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेच्या पंचवार्षिक मूल्यमापनासाठी शाळेचे भाषाधोरण नव्याने लिहिण्याची जबाबदारीही याच वर्षी आली आहे. धोरण कागदावर लिहून मग वर्गात उतरवण्यापेक्षा वर्षभर वर्गात काम करावे आणि त्यातून धोरण लिहावे, ही सूचना मुख्याध्यापकांनी मान्य केली, याचे मला फार समाधान वाटते.

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था १९६८ साली जिनिव्हात स्थापन झाली, ती मुख्यतः देशोदेशी बदलीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे शिक्षण मध्येच तुटू नये आणि पुढे कोणत्याही देशातील विद्यापीठात त्यांना प्रवेश मिळावा, या गरजेतून. प्राथमिक वर्गांसाठीचा पीवायपी हा कार्यक्रम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९७ साली सुरू झाला. आमच्या शाळेत परदेशी कुटुंबांची मुले आहेत, बडोद्याजवळच्या सावली आणि हालोल या गावांकडच्या कारखान्यांत बदलून आलेल्या अभियंत्यांची आहेत. पण बहुसंख्य मुले अलकापुरी, गोत्री, मांजलपूर, वाघोडिया रोड येथील म्हणजे इथलीच आहेत. काही दांडिया बाजार आणि बाबाजीपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतली आहेत. ही मुले आजीचे मराठी पूर्ण समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. हे आपोआप घडत नाही. सकाळी आठ ते दुपारी तीन या वेळेत त्यांची घरची भाषा कुणीही ऐकत नाही, हे मुले फार लवकर ओळखतात, म्हणून ते घडते. शाळेचे आंतरराष्ट्रीयपण या ठिकाणी कमी पडते असे माझे स्पष्ट मत आहे.

गुजरात सरकारच्या २०२३ च्या कायद्यामुळे पहिली ते आठवीपर्यंत सर्व मंडळांच्या शाळांत गुजराती शिकवणे बंधनकारक झाले आहे आणि आमच्याकडे तो तास नीट चालतो. परंतु सिंधी, मराठी, मल्याळम, कोरियन अशा भाषांना वेळापत्रकात कोठेच जागा नाही. प्रकल्पाचा उद्देश एवढाच की, या भाषा स्नेहसंमेलनाच्या मंचावरून उतरून रोजच्या अभ्यासात याव्यात.

१५ जुलै २०२४

प्रवेश अर्जात मातृभाषेसाठी एक रकाना आहे आणि त्यात एकच शब्द मावतो. बहुतेक पालकांनी तेथे 'इंग्रजी' किंवा 'हिंदी' लिहिले आहे. त्या रकान्याच्या जागी या वर्षी तीन प्रश्न घातले : मूल आईशी, वडिलांशी, आजी-आजोबांशी आणि सांभाळणाऱ्या मावशींशी कोणत्या भाषेत बोलते, त्यांपैकी कोणत्या भाषेत ते वाचू शकते, आणि घरात कोणत्या भाषेत गोष्टी सांगितल्या जातात. उत्तरे आल्यावर चित्र पूर्णपणे बदलले. ज्या मुलाच्या अर्जावर 'इंग्रजी' होते त्याच्या घरी आजोबा कच्छी बोलतात, आई सिंधी, आणि गोष्ट हिंदीत सांगितली जाते. 'हिंदी' लिहिलेल्या कितीतरी घरांत मारवाडी निघाली. तिसरीतील एका कोरियन मुलीला तिच्या घरी काम करणाऱ्या मावशींकडून गुजराती येऊ लागले आहे, हे तिच्या आईलाही फॉर्म भरताना प्रथमच जाणवले.

शाळेत काम करणाऱ्यांचीही हीच विचारणा केली. बसचे काका, स्वयंपाकघरातील मंडळी, सुरक्षारक्षक, मावशी यांच्या भाषा शाळेच्या कोणत्याही कागदावर नव्हत्या. पंचमहालातून आलेल्या आमच्या दोन मावशी आपसात भिली बोलतात. मुले दिवसभरात ज्यांच्याशी सर्वांत मोकळेपणाने बोलतात ती हीच माणसे, त्यामुळे त्यांना वगळून शाळेचा भाषानकाशा काढला असता तर तो अपुरा राहिला असता. हा नकाशा आता ग्रंथालयाच्या भिंतीवर लावला आहे.

९ ऑगस्ट २०२४

शुक्रवारचा शेवटचा तास 'गोष्टींचा तास' म्हणून मिळाला. घरातील ज्येष्ठांनी यावे, आपल्या भाषेत गोष्ट सांगावी, भाषांतर करू नये, एवढाच नियम ठेवला. भाषांतर नको हा आग्रह काही शिक्षकांना खटकला. ज्यांना भाषा कळत नाही ती मुले कंटाळतील असे त्यांचे म्हणणे होते. मी आग्रह सोडला नाही, कारण वर्गातील परदेशी मुले रोज सहा-सहा तास न कळणाऱ्या भाषेत बसतात आणि त्यांच्या कंटाळ्याची कधी कुणी चौकशी करीत नाही.

आज दुसरीच्या वर्गात रावपुऱ्यात राहणाऱ्या एका मुलाच्या आजी आल्या होत्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून काढलेला खरा लाल भोपळा. त्यांनी लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट सांगितली, जी भोपळ्यात बसून 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' म्हणत जंगल पार करते. वाघ आला की आजी आवाज खाली आणीत, म्हातारीची पाळी आली की तो थरथरवीत, आणि भोपळा सतरंजीवर गडगडवून दुसऱ्या बाजूच्या मुलाकडे पाठवीत. तिसऱ्या खेपेला मराठी न येणारी मुलेही टुणूक टुणूक म्हणत होती. गोष्ट संपल्यावर नातू म्हणाला, "आजी, पुन्हा सांग ना." हे वाक्य त्याने मराठीत म्हटले. त्याच्या वर्गशिक्षिकेने गेल्या दोन वर्षांत त्याचे मराठी ऐकलेले नव्हते.

पुढे जे झाले ते अनपेक्षित होते. मागे बसलेल्या एका गुजराती मुलीच्या बा, म्हणजे आजी, म्हणाल्या की, ही तर आमची तुंबडीची गोष्ट. मग एका इराणी आईने सांगितले की, त्यांच्याकडे म्हातारी अशाच गडगडणाऱ्या भोपळ्यातून लेकीच्या घरून परत येते आणि वाटेत लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात. एकच म्हातारी बडोद्यापासून इराणपर्यंत भोपळ्यात बसून प्रवास करते आहे हे मुलांना समजल्यावर त्यांनी आपापल्या घरी विचारून या गोष्टीची रूपे गोळा करायचे ठरवले. पीवायपीतील 'आपण स्वतःला कसे व्यक्त करतो' हे सूत्र दुसरीला याच सत्रात आहे, तेव्हा वर्गशिक्षिकेने ठरलेला पाठ बाजूला ठेवून तेच काम हाती घेतले. हा निर्णय त्यांचा होता आणि तो अगदी योग्य होता.

३१ ऑगस्ट २०२४

या आठवड्यात प्रकल्पाचे काम झाले नाही. जे झाले ते तरीही येथे लिहिणे आवश्यक वाटते. जन्माष्टमीच्या दिवशी, २६ तारखेला, पावसाने जोर धरला. आजवा धरण भरले, विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि समा, फतेगंज, अकोटा, मांजलपूर असे शहराचे मोठमोठे भाग पाण्याखाली गेले. लष्कर आणि एनडीआरएफच्या तुकड्या होड्या घेऊन वस्त्यांत उतरल्या. मगरी रस्त्यांवर आणि अंगणांत आल्या. वनखात्याने त्या तीन दिवसांतच दोन डझन मगरी पकडून सुरक्षित जागी हलवल्या.

आमची शाळा उंचावर असल्याने इमारतीला धक्का लागला नाही, पण बसच्या काकांपैकी अनेकांची आणि स्वयंपाकघरातील काही जणांची घरे कमरेपर्यंत भरली. वीज नव्हती, फोन बंद पडत होते. त्या स्थितीत जुलैत केलेले भाषांचे सर्वेक्षण वेगळ्याच कारणासाठी उपयोगी पडले : प्रत्येक कुटुंबाचा भाग, घरातील वृद्ध माणसे आणि ती कोणत्या भाषेत बोलतात हे सगळे एका यादीत होते. अकोट्यात पहिल्या मजल्यावर अडकलेल्या एका कोरियन कुटुंबापर्यंत निरोप पोचवायचा होता तेव्हा त्यांच्या मजल्याखालच्या गुजराती कुटुंबाचा क्रमांक याच यादीतून मिळाला. पाणी ओसरू लागताच शाळेचे स्वयंपाकघर उघडले आणि पालकांनी, शिक्षकांनी व मोठ्या मुलांनी मिळून खिचडीची पाकिटे भरली. स्पॅनिश, गुजराती, मराठी, तमिळ अशा सगळ्या घरांतली माणसे एका रांगेत बसून कांदे चिरत होती. शाळा हा एक समाज आहे असे आम्ही माहितीपत्रकात छापतो. या तीन दिवसांत त्याचा प्रत्यय आला, असे मी मनापासून लिहिते.

१२ सप्टेंबर २०२४

पुरात ज्यांची वह्या-पुस्तके गेली त्यांना ती मिळाली आहेत. त्यात कर्मचाऱ्यांची मुलेही आली. ती आमच्या शाळेत शिकत नाहीत, महापालिकेच्या शाळांत शिकतात, आणि त्यांची पुस्तके गुजराती व मराठी माध्यमाची होती. गणपती शाळेत बसत नाही, तथापि शाडूच्या मातीचे गणपती करण्याचा वर्ग दरवर्षी होतो, तो याही वर्षी झाला. चिखल उपसून थकलेल्या शहरात यंदा सजावट कमी आहे.

४ ऑक्टोबर २०२४

काल घटस्थापना झाली आणि कालच केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तिच्याबरोबर पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांनाही तो मिळाला. आज शिक्षकखोलीत मराठी शिक्षकांनी पेढे वाटले आणि आमच्या बंगाली ग्रंथपालांनी संदेश ही मिठाई आणली. मला या घटनेचा अभिमान आहे, आणि त्याच वेळी हेही दिसते की, ज्या भाषेत आठ-नऊ वर्षांचे मूल आपल्या आजीला उत्तर देत नाही त्या भाषेचे बडोद्यातील भवितव्य दिल्लीतील निर्णयाने ठरणार नाही. ते घरात आणि शाळेत ठरेल.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर गरबा झाला. बडोद्याचा गरबा मोठमोठ्या वर्तुळांत, प्रत्यक्ष गाणाऱ्यांच्या सुरावर खेळला जातो, आणि आम्हीही ध्वनिमुद्रित गाणी लावली नाहीत. गुजरातीच्या शिक्षिका आणि दोन पालक गायले. शिकवायला आतल्या वर्तुळात मावशी होत्या. दोन टाळ्यांचा गरबा मुख्याध्यापक त्यांच्याकडूनच शिकले.

२२ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुटीत, २८ ऑक्टोबरला, बडोद्यात सी-२९५ विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन भारत आणि स्पेनच्या पंतप्रधानांच्या हस्ते झाले. एकूण ५६ विमानांपैकी १६ स्पेनहून तयार येणार आणि ४० येथे बांधली जाणार आहेत. शाळेपुरता त्याचा अर्थ असा की, स्पॅनिश भाषिक कुटुंबांच्या चौकशा वाढल्या आहेत. त्यांच्यापैकी एका आईने पहिल्याच भेटीत विचारले की, मुलांचे स्पॅनिश वाचन टिकावे म्हणून शाळा काय करते. हा प्रश्न इतक्या नैसर्गिकपणे विचारणारे स्थानिक पालक मला अजून भेटायचे आहेत.

कारण त्याच आठवड्यातील पालकसभेत नेमका उलट सूर लागला. आम्ही एवढे शुल्क भरतो ते इंग्रजीसाठी. घरची भाषा घरी शिकवू, शाळेने तो वेळ इंग्रजीला द्यावा, असे काही पालकांनी आग्रहाने सांगितले. त्यांची काळजी खरी आहे आणि तिला नीट उत्तर दिले पाहिजे. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक मांडला. नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण त्या भाषेत विज्ञान-इतिहास समजून घेऊन लिहिण्याची क्षमता येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. मधल्या काळात मुलाला जी भाषा आधीच चांगली येते तिच्यात विचार करणे चालू राहिले तर ते नव्या भाषेत उतरते. ती भाषाच काढून घेतली तर दोन्हीकडे पोकळी राहते. सभेत हे मी मांडले आणि त्याबरोबर चौथीतील मुलांच्या वह्या दाखवल्या. बाष्पीभवनाचा प्रयोग आधी गुजरातीत वा मराठीत एकमेकांना समजावून सांगून मग इंग्रजीत लिहिणाऱ्या मुलांची वाक्ये अधिक पूर्ण होती. का, कसे, त्यामुळे, हे शब्द त्यांच्या लिखाणात होते; थेट इंग्रजीत लिहिलेल्या कागदांवर नुसती निरीक्षणांची यादी होती. वह्या पाहिल्यावर चर्चेचा स्वर बदलला. सगळ्यांचे समाधान झाले असे नाही, आणि एका कुटुंबाने मुलाला गोष्टींच्या तासाला न बसवण्याची परवानगी मागितली. ती दिली.

१३ डिसेंबर २०२४

पाचवीला घेऊन मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेलो. या भेटीबद्दल सविस्तर लिहीत आहे, कारण वर्षाच्या उत्तरार्धातील सगळे काम तिच्यातून निघाले.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. महाराजांचा त्यामागचा विचार सोपा होता. १८९३ साली अमरेलीत आणि तिच्या आसपासच्या गावांत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू झाले, १९०६ साली ते सर्व संस्थानाला लागू झाले. पण शाळा सोडल्यावर वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेली अक्षरे विसरली जातात. म्हणून गावागावात वाचनालये, आणि जेथे वाचनालय उभारणे शक्य नव्हते तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून फिरती ग्रंथालये. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गुजरातच्या खेड्यांत ही चळवळ रुजवली. १९१२ पासून येथून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक निघत असे, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. पुढे १९३१ मध्ये संस्थानाने राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांतील कोश प्रसिद्ध केला. शंभर वर्षांपूर्वीच्या बडोद्यात बहुभाषिकता हा कारभाराचा रोजचा भाग होता. आमच्या शाळेला जे आता नव्याने सुचते आहे ते या शहराने केव्हाच करून पाहिलेले आहे.

मुलांना अर्थातच सर्वांत जास्त आवडली ती काचेची जमीन. पुस्तकांचे लोखंडी मजले एकावर एक आहेत आणि मधली जमीन जाड काचेची आहे, जेणेकरून वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा. मुले पालथी पडून खालच्या मजल्यावरील मित्रांच्या सावल्या पाहत होती. परत येताना बसमध्ये एका मुलीने विचारले की, पेट्या खेड्यांत जात होत्या तर आपल्या पेट्या आपल्या घरांत का जाऊ नयेत. तिच्या या प्रश्नाला मी लगेच होकार दिला.

२० डिसेंबर २०२४

शाळेचे सुतारकाका कामाला लागले आहेत. पेटी सागाची न करता हलक्या प्लायची करावी, कारण ती मुलांना उचलता आली पाहिजे, हा सल्ला त्यांचाच. झाकणाच्या आतल्या बाजूला एक पांढरी पाटी बसवली आहे, तिच्यावर पेटी ज्या घरी जाईल त्या घराने आपल्या भाषेत एक ओळ लिहायची. कडी पितळी आहे. कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या आहेत. पहिल्या पेट्या मराठी, गुजराती, सिंधी, तमिळ, कोरियन आणि स्पॅनिश अशा झाल्या. मराठी पुस्तके पुण्याहून मागवली, काही पालकांनी घरची दिली. सिंधीची अडचण मोठी होती : काही घरांना अरबी लिपीतील पुस्तके हवी होती, तरुण पालकांना देवनागरीतील. दोन्ही ठेवली.

१६ जानेवारी २०२५

उत्तरायणाच्या दोन दिवसांत बडोद्यात कोणतेही काम होत नाही आणि होऊही नये. मांजामुळे जखमी झालेल्या पक्ष्यांची काळजी घेणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर यंदा सातवीची काही मुले होती. शाळेतील मराठी घरांकडून तिळगूळ आला, गुजराती घरांकडून चिक्की आणि उंधियू.

पेट्या घरोघरी फिरू लागल्या आहेत. मराठी पेटी प्रथम एका मल्याळी घरी गेली, कारण त्यांच्या मुलीला आपल्या मैत्रिणीची पुस्तके पाहायची होती. पेटी कोणत्या भाषेच्या घरी जावी याचा नियम आम्ही केलेला नव्हता, आणि आता तो करणार नाही.

२४ फेब्रुवारी २०२५

२१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. १९५२ साली ढाक्यात बंगालीसाठी आंदोलन करणारे विद्यार्थी गोळीबारात मृत्युमुखी पडले, त्यांच्या स्मरणार्थ युनेस्कोने १९९९ मध्ये हा दिवस जाहीर केला. शाळांत तो बहुधा पोशाख आणि गाण्यांनी साजरा होतो. आम्ही या वर्षी कार्यक्रम केला नाही. त्या दिवशी प्रत्येक वर्गाचा एक नेहमीचा तास, मग तो गणिताचा असो वा विज्ञानाचा, मुलांनी गटांत आपापल्या भाषेत चर्चा करून चालवला. तिसरीत अपूर्णांक शिकवताना पोळी, रोटली, खाखरा आणि तोर्तिया यांचे चतकोर झाले. मराठी गटातील एका मुलाने पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळ्यांना समजावून सांगितले, आणि हे ज्ञान वर्गात फक्त त्याच्याकडे व गुजराती-हिंदी मुलांकडे आहे हे पाहून त्याची मान ताठ झाली. मला या वर्षातील हा सर्वांत यशस्वी दिवस वाटतो.

येत्या २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन आहे. त्या दिवशी अकरावीतील एका विद्यार्थिनीने केलेल्या चौकशीबद्दल तिच्या पालकांशी बोलायचे आहे. आयबीच्या डिप्लोमात, म्हणजे अकरावी-बारावीच्या कार्यक्रमात, ज्या भाषेला शाळेत शिक्षक नाही तिचे साहित्य विद्यार्थ्याला शाळेच्या मदतीने स्वतः अभ्यासता येते, मात्र फक्त स्टँडर्ड लेव्हलवर, म्हणजे दोन पातळ्यांपैकी खालच्या पातळीवर. आपल्या धाकट्या बहिणीने पुढच्या तुकडीबरोबर मराठी घ्यावी, अशी या विद्यार्थिनीची इच्छा आहे. स्वतः तिने घेतलेले नाही, पण बहिणीला ती वाट मोकळी असावी म्हणून ती माहिती काढते आहे. अशा भाषेची मागणी परीक्षेच्या कितीतरी आधी नोंदवावी लागते, म्हणून चौकशी आताच सुरू केली. विद्यापीठातून निवृत्त झालेल्या मराठीच्या एका प्राध्यापिका मार्गदर्शनास तयार आहेत. २०१८ साली साहित्य संमेलन भरलेल्या या शहरात त्यांच्यासारखी माणसे शोधावी लागत नाहीत, फक्त त्यांच्याकडे जावे लागते.

२८ मार्च २०२५

पाचवीचे प्रदर्शन पार पडले. पीवायपीच्या अखेरच्या वर्षी मुले स्वतः विषय निवडून दीर्घ चौकशी करतात आणि ती सर्वांपुढे मांडतात. यंदा वर्गाने एकमताने विश्वामित्री घेतली. पावागडच्या डोंगरात उगम पावून ही नदी शहराच्या मधून वाहते, ढाढरला मिळते आणि खंभातच्या आखाताकडे जाते. शहरातील तिच्या पात्रात मगरींची शेकड्यांनी वस्ती आहे. एका गटाने पुराची कारणे शोधली : काठावरील बांधकामे, बुजलेले ओढे, पात्रातला गाळ, आजव्यातून येणारे पाणी. दुसऱ्याने मगरींच्या घरट्यांचा अभ्यास केला. तिसऱ्या गटाने बसचे काका, स्वयंपाकघरातील ताई आणि मावशी यांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्या गुजराती, हिंदी, मराठी व भिली अशा ज्या भाषेत झाल्या त्याच भाषेत ऐकवल्या. खाली इंग्रजी सार दिले.

प्रदर्शनाच्या दिवशी ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना पाहुणे म्हणून बोलावले होते. आमच्या एक मावशी आपल्या मुलीला घेऊन आल्या. त्यांच्या आवाजातील मुलाखत सुरू झाली तेव्हा मुलगी मुख्याध्यापकांना भिलीतील शब्द समजावून सांगत होती आणि ते वहीत लिहून घेत होते. नोव्हेंबरच्या सभेत आक्षेप घेणारे दोन पालकही तेथे होते. त्यांपैकी एकांनी जाताना सांगितले की, पुढच्या वर्षी त्यांच्या आई कच्छीत गोष्ट सांगायला येतील.

१६ मे २०२५

भाषाधोरणाचा मसुदा आज पूर्ण केला. त्यात चार गोष्टी नव्या आहेत. प्रवेश अर्जातील तीन प्रश्न कायम राहतील. प्रत्येक वर्गाने सत्रात किमान एक घटक मुलांच्या घरच्या भाषांत चर्चा करून शिकवावा. ग्रंथालयाच्या वार्षिक खरेदीतील ठरावीक वाटा इंग्रजीखेरीज इतर भाषांसाठी राखावा. आणि शाळेतील कर्मचाऱ्यांना भाषाविषयक कामासाठी वेळ व मानधन मिळावे. चौथ्या कलमावर व्यवस्थापन समितीत चर्चा झाली. ते माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. मावशींच्या भाषेचा अभ्यासात उपयोग करून घ्यायचा आणि त्यांच्या वेळेचे मोल द्यायचे नाही, असे करता येणार नाही. समितीने ते एका वर्षासाठी मंजूर केले आहे, पुढे ते टिकवण्याचे काम आम्हा शिक्षकांचे.

पेट्या सुटीसाठी परत आल्या. झाकणावरच्या पाट्या ओळींनी भरून गेल्या आहेत. ग्रंथपालांनी त्यांची छायाचित्रे घेऊन पाट्या पुसल्या. दोन पेट्यांच्या कड्या निघाल्या आहेत, सिंधी पेटीतील देवनागरी पुस्तके कमी पडली, आणि मराठी पेटीत सात वर्षांवरील मुलांसाठी पुरेसे काही नाही. नव्या सत्रात जपानी आणि बंगाली पेट्या लागतील. सुतारकाकांना जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बोलावले आहे, आणि मराठी पुस्तकांची यादी मी त्याआधी तयार करून देणार आहे.